कोरडं… लाव

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी, माझा आग्रह नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, की ही माझ्या वहिनीची गोष्ट आहे आणि मी तिची नणंद. नणंद उगाच भावजयीची वकिली करत नाही. दार कुणी आपटलं आणि गॅस कुणी चालू ठेवला यावरून आमच्यात दिवसच्या दिवस अबोला असतो. तरीही सांगते, वहिनी खोटं बोलत नाही. खोटं बोलायला डोकं ताजं लागतं, आणि तिचं डोकं मी कित्येक महिन्यांत ताजं पाहिलेलं नाही.

आणि हो, यात रात्र नाही.

अंधार नाही, ओसाड घर नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, पांढऱ्याधोप उजेडात, चार माणसं आजूबाजूला वावरत असताना.

वहिनी आयसीयूत सिस्टर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या लांब पॅसेजच्या टोकाला एक जड दार आहे, आपोआप बंद होणारं. त्याच्या आत तिचा दिवस जातो. आत खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की अंधारलंय ते तिला घरी निघताना कळतं. त्या वर्षी स्टाफ निम्म्यावर आला होता. कुणी नोकरी सोडली, कुणी बाळंतपणाला गेलं, आणि उरलेल्यांच्या अंगावर डबल ड्युट्या पडल्या. वहिनी घरी यायची ती पाय ओढत. जेवताना तिचा घास हातातच राहायचा आणि मान खाली जायची. दादा तिला हलवायचा, तर डोळे न उघडता म्हणायची, "हो, देते, कोणत्या बेडला?"

आम्ही हसायचो. तेव्हा हसू येत होतं.

तिच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आयसीयूतल्या बऱ्याच पेशंटच्या मानेत एक नळी घातलेली असते. तिला लाइन म्हणतात. ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली असते. बाहेर तिची दोन-तीन तोंडं लोंबत असतात, त्यांतून औषधं द्यायची. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. त्या तोंडावरची घाण सिरिंजसोबत आत गेली, तर ती सरळ रक्तात. मग थंडी वाजून ताप येतो, बीपी कोसळतं, आणि ज्या आजारासाठी माणूस आला होता तो राहतो बाजूला.

वहिनीच्या आयसीयूत असे काही पेशंट गेले होते. बरे होत आलेले. मोठी ऑपरेशनं निभावून नेलेले.

तेव्हापासून इन्चार्ज सिस्टरांनी एक पद्धत घालून दिली. औषध द्यायच्या आधी लाइनचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने, म्हणजे पाकीट फाडून काढलेल्या ओल्या पट्टीने, चांगलं घासायचं. मग हात आवरून थांबायचं. स्पिरिट उडून तोंड कोरडं झालं की मोठ्याने म्हणायचं, "कोरडं." शेजारच्या बेडवरच्या सिस्टरने वळून बघायचं आणि म्हणायचं, "लाव." मगच सिरिंज लावायची.

कोरडं… लाव.

दिवसभर तिथे हेच दोन शब्द चालायचे. एका हाताला दुसऱ्या डोळ्यांची राखण, असा त्यामागचा हेतू. पद्धत इतकी लागू पडली, की पुढे बरेच दिवस तसला ताप कुणाला आला नाही.

पण माणसं कमी झाली आणि वळून बघणं सुटलं. "कोरडं" ऐकू आलं, की आपल्या कामातून मान वर न काढता "लाव" म्हणायचं. यात कुणाची लबाडी नव्हती. चार हातांचं काम दोन हात करत होते, वळायला सवड कुणाला होती!

वहिनीच्या जोडीला असायची चिमणी. खरं नाव वेगळं, पण चणीने लहान आणि तोंड अखंड चालू, म्हणून सगळे चिमणीच म्हणतात. चार नंबरच्या बेडवर तेव्हा एक टेलरबाई होत्या. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं, घशात श्वासाची नळी, त्यामुळे बोलता येत नव्हतं. पण शुद्ध होती. डोळे टक्क उघडे असायचे. हातांच्या शिरा सुया टोचून टोचून संपल्या होत्या, म्हणून सगळं औषध मानेतल्या लाइनमधून. बाहेर बाकावर त्यांची शाळकरी मुलगी बसायची. वहिनी ड्युटीवर आली की ती उठून उभी राहायची आणि एकच विचारायची, "सिस्टर, आईला ताप नाही ना?"

वहिनी "नाही गं" म्हणायची. त्या पोरीला ते रोज सांगता यावं, एवढ्या एका गोष्टीवर तिचा दिवस चालला होता.

पहिल्यांदा झालं ते एका दुपारी. जेवणं होऊन आयसीयू जरा शांत झालं होतं. वहिनी टेलरबाईंच्या लाइनचं तोंड घासत होती. अजून घासतच होती.

आणि मागून आवाज आला…

"कोरडं."

तिला वाटलं, चिमणी शेजारच्या बेडवर औषध देतेय. तिने सवयीने म्हटलं, "लाव."

मग सहज वळून पाहिलं.

शेजारचा बेड रिकामा होता. सकाळीच तो पेशंट खाली वॉर्डात गेला होता. बेडवर नवी चादर, कोपरे घट्ट दुमडलेले. चिमणी ग्लोव्हजचे खोके आणायला स्टोअरमध्ये गेलेली. ती परत आली तेव्हा वहिनीने विचारलं, तू आत्ता काही बोललीस का? चिमणीने खोके खाली ठेवले आणि म्हणाली, की तुझे कान झोपलेत बाई, डोळे तरी उघडे ठेव. दोघी हसल्या आणि कामाला लागल्या.

वहिनीने घरी येऊन मला हे सांगितलं ते गंमत म्हणूनच.

दुसऱ्या वेळी मात्र गंमत राहिली नाही.

वहिनी बेसिनपाशी हात धूत होती. तोंडाला मास्क. नळ चालू. चार नंबरचा बेड तिच्या पाठीमागे, चांगला लांब. सिरिंज तिने भरून ट्रेमध्ये ठेवली होती, हात धुऊन द्यायची म्हणून.

तेवढ्यात…

"कोरडं."

आवाज चार नंबरकडून आला. आणि पलीकडच्या बेडवर वाकलेली चिमणी मान वर न करता म्हणाली, "लाव."

वहिनीचे हात नळाखालीच थांबले.

कारण तो आवाज तिचा होता. थकल्यावर तिचा आवाज जसा घशातल्या घशात राहतो, तसाच. शेवटचं अक्षर गिळलेलं.

तिने वळून पाहिलं. चार नंबरजवळ कुणी नव्हतं. सिरिंज ट्रेमध्ये जागच्या जागी. फक्त टेलरबाईंचे डोळे मोठे झाले होते. त्या वहिनीकडे बघत नव्हत्या. पायथ्याच्या बाजूला कुणी उभं असावं, तसं तिकडे बघत होत्या. मॉनिटरवर नाडी पळत होती.

वहिनी जवळ गेली. त्यांचा हात धरला. "काय होतंय? दुखतंय का?" टेलरबाईंनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. मग त्यांची नजर हळूच सरकली…

वहिनीच्या खांद्यावरून मागे.

तिथे भिंत होती, आणि भिंतीवर ऑक्सिजनचा पॉइंट. बाकी काही नाही.

त्या दिवशी वहिनी घरी येऊन जेवली नाही. आईने विचारलं, तर म्हणाली भूक मेली आहे. मी तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती, पायातली चप्पलही काढली नव्हती. मला म्हणाली, "माणूस खूप थकला की त्याला आपलाच आवाज बाहेरून ऐकू येतो का गं?" मी म्हटलं, रजा घे. तर ती नुसती हसली. रजेचा अर्ज तिने मागेच केला होता. इन्चार्ज सिस्टरांनी हात जोडले होते, तू गेलीस तर चिमणी एकटी पडेल, म्हणून.

मग ती तिसरी दुपार आली.

सकाळी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, चार नंबरला लाइन अजून लागते का? नळी जितके दिवस आत तितका धोका जास्त, म्हणून हे रोज विचारायचंच असतं. ज्युनिअर डॉक्टर म्हणाला, हाताला शीर मिळत नाही, आज राहू दे, उद्या काढू. राहिली.

वहिनी सलग दुसऱ्या ड्युटीवर होती. दुपारचं औषध हातात घेऊन ती टेलरबाईंपाशी उभी राहिली. ती सांगते, की त्या क्षणी तिला सगळं लांबून दिसत होतं. आपले हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. डोळ्यांत वाळू भरलेली. डाव्या हातात लाइनचं तोंड होतं, उजव्या हातात सिरिंज.

"कोरडं."

"लाव," चिमणी पलीकडून म्हणाली.

आणि वहिनीचा हात सिरिंज घेऊन पुढे गेला.

का जाणार नाही? हजारो वेळा तो असाच गेला होता. "लाव" ऐकलं की हात जातो. त्याला डोकं लागत नाही.

सिरिंज तोंडाला टेकणार, एवढ्यात तिला जाणवलं…

आपलं तोंड मिटलेलं होतं.

मास्क ओठांना चिकटला होता. जीभ टाळूला. आपण बोललोच नाही. मग "कोरडं" म्हणालं कोण? आणि आपण घासलं तरी होतं का? तिने ट्रेमध्ये पाहिलं. स्वॅब घासला असता तर त्याचं फाडलेलं पाकीट तिथे पडलं असतं.

पाकीट नव्हतं.

वापरलेला स्वॅब नव्हता. बोटांना स्पिरिटचा गारवा नव्हता, वासही नव्हता.

आणि तिच्या मानेवर, टोपीच्या खाली, कुणीतरी श्वास सोडला. लांब… दमलेला… ड्युटी संपल्यावर खुर्चीत बसताना आपण सोडतो तसा.

वहिनीने मागे पाहिलं नाही. तिने सिरिंज फेकून दिली, लाइनचं टोपण बदललं, आणि सरळ ज्युनिअर डॉक्टरपुढे जाऊन उभी राहिली. ही लाइन आजच काढा, म्हणाली. तो म्हणाला, सिस्टर, उद्या ठरलंय ना, शीर कुठून आणू? त्यावर ती जे बोलली ते चिमणीने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं.

"शीर आम्ही शोधतो. पण त्या लाइनला आजच्यानंतर माझा हात लागायला नको. माझ्या हातावर माझा भरवसा राहिला नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. आयसीयूत असं कुणी बोलत नाही. पण त्याने मोठ्या डॉक्टरांना फोन केला, आणि चिमणीने बडबड बंद करून, नखाएवढ्या सुईने, टेलरबाईंच्या मनगटाजवळ एक बारीक शीर शोधून काढली. संध्याकाळच्या आत मानेतली लाइन निघाली. ताप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेरच्या मुलीला वहिनीने स्वतः जाऊन सांगितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पुढे टेलरबाईंच्या घशातली नळीही निघाली. खालच्या वॉर्डात न्यायची वेळ आली तेव्हा वहिनी त्यांना पोचवायला पॅसेजपर्यंत गेली. बाहेर आल्यावर तिने मास्क खाली केला. निरोप घ्यायचा तर तोंड तरी दाखवावं, म्हणून. ती हसली.

टेलरबाई हसल्या नाहीत.

त्या स्ट्रेचरवरून तिच्याकडे बघत राहिल्या. आवाज अजून घोगरा होता. म्हणाल्या, "सिस्टर, तुमचं तोंड मी आज पहिल्यांदा बघतेय ना?"

"हो. आत मास्क असतो की."

"मग ते मला आधीच ओळखीचं कसं?"

टेलरबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तुमच्या मागे एक उभी असायची. तुमच्यासारखीच, तुमच्याच कपड्यांत. तिला मास्क नव्हता. तुम्ही हात धुवायला गेलात तरी ती जायची नाही. मला सारखं सांगायचं होतं, पण घशात नळी. ती काही करत नव्हती हो. नुसती उभी. फार दमलेली वाटायची. डोळे मिटलेले, आणि तोंड तेवढं चालू."

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं. वहिनी पॅसेजमध्ये उभी राहिली. आतून चिमणीने हाक मारली तेव्हा कुठे ती हलली.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलं होतं.

त्या प्रकारानंतर वहिनीला रजा मिळाली. दादाने जाऊन सरळ सांगितलं, माझी बायको मला हवी आहे. रजेच्या पहिल्याच दिवशी सकाळी ती झोपली ती झोपलीच. आईने घरातला आवाज बंद केला. मी घरीच शिकवण्या घेते, त्या दिवशी मुलांना सुट्टी दिली. वहिनीच्या खोलीच्या दारातच वाचत बसले होते, मला ती तिथून दिसत होती. कुशीवर, उशीत तोंड खुपसून. तिला इतकं गाढ झोपलेलं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

दुपारी तिचा फोन थरथरला. ती उठू नये म्हणून मी झडप घालून उचलला. चिमणी होती. नेहमीसारखी तोंडाचा पट्टा सुरू करूनच.

"ताई, तिला म्हणावं, रजा घेतलीस तर घरी बस. न सांगता येतेस, औषध देतेस आणि न बोलता जातेस, ही काय पद्धत झाली? आणि मास्क कुठंय म्हणावं? मी मान वर केली तर ही उघड्या तोंडाने पॅसेजकडे निघालेली."

मी वहिनीकडे पाहिलं. तिचा श्वास संथ चालला होता.

मी विचारलं, "कोणत्या बेडला?"

"चार नंबर. नवीन आजोबा आलेत ना. 'कोरडं' म्हणाली, मी 'लाव' म्हटलं. का?"

"चिमणी, वहिनी सकाळपासून माझ्यासमोर झोपलीये."

पलीकडून नुसतीच मशिन्सची टिकटिक ऐकू येत होती. मग तिने विचारलं, "आत्ता? आत्ता तुम्हाला दिसतेय?"

"दिसतेय. तू ट्रे बघ."

तिची पावलं मला फोनवर ऐकू आली. भरभर. मग थांबली.

"सिरिंज रिकामी आहे…" ती म्हणाली. मग ट्रे चाळल्याची खडखड. "ताई, स्वॅबचं पाकीट नाहीये."

तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं. टोपण बदललं, रक्त तपासायला गेलं, ती लाइन काढून दुसरी घातली. तरी दुसऱ्या दिवशी आजोबांना थंडी वाजायला लागली. दात दातावर आपटेपर्यंत. रक्तात तेच निघालं, ज्याला सगळे घाबरत होते. आजोबा वाचले, पण फार दिवस लागले, आणि घरी गेले ते निम्मे होऊन. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन कशानेही होऊ शकतं, एका दुपारवर बोट ठेवता येत नाही. तेही खरंच असेल. आता तिथे वळून, डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी "लाव" म्हणत नाही. स्टाफही वाढवलाय थोडा.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. वहिनी संध्याकाळी उठली. मी चहा घेऊन गेले. वाटलं, चेहरा टवटवीत झाला असेल. तर ती डोळे चोळत भिंतीला टेकून बसली, आणि आईसमोर रडायलाच लागली.

"झोपले ना मी? मग पाय का दुखतायत एवढे? सबंध ड्युटी करून आल्यासारखे?"

मी तिला फोनबद्दल काही सांगितलं नाही. आजतागायत नाही. सांगितलं तर ती झोपायचीच बंद होईल, आणि झोपली नाही तर मरेल. आईला माहीत नाही, दादालाही नाही. फक्त चिमणीला आणि मला.

त्यामुळे आम्ही दोघींनी आपसात एक ठरवून टाकलंय. वहिनी घरी झोपली, डोळा लागलाय याची खात्री झाली, की मी बाहेरच्या खोलीत जाते, दार ओढून घेते आणि आयसीयूत फोन लावते. चिमणी नसली तर जी असेल तिला चिमणीने, कारण न सांगता, बजावून ठेवलेलं असतं. मी जास्त काही बोलत नाही. एवढंच सांगते, "आमची झोपली आहे. तिकडे बघा."

बहुतेक वेळा त्या म्हणतात, "बरं ताई, कुणी नाही."

काल दुपारी चिमणीनेच फोन उचलला. मी नेहमीचं सांगितलं. ती फोन तोंडाजवळ घेऊन, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"हो… आलीये. उभी आहे."